‘दे मस्ट’ म्हणजे नक्की कोणी? एका नियमपुस्तिकेतल्या वाक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण एका मध्यम आकाराच्या संस्थेचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तक्रारदार आणि अधिकारी यांच्यापैकी कोण स्त्री, कोण पुरुष हेही मुद्दाम सांगत नाही.

संस्थेची एक इंग्रजी नियमपुस्तिका होती. रजा, प्रवासखर्च, कामाच्या वेळा, तक्रार निवारण, सगळं तिच्यातच. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी तीत भर घातलेली, त्यामुळे भाषेला एक सूर नव्हता. एका ओळीत ‘द कमिटी हॅज’, तर पुढच्याच ओळीत त्याच कमिटीसाठी ‘दे विल’. रजेच्या प्रकरणात कर्मचारी कायम ‘ही’. तक्रारीचं प्रकरण लिहिणाऱ्याने मात्र वेगळी वाट धरली होती. तिथे तक्रारदार नेहमी ‘शी’ आणि तक्रार ऐकून घेणारा अधिकारी नेहमी ‘ही’. तक्रार बाईनेच करायची आणि अधिकारी पुरुषच असायचा, असं गृहीत त्यामागे होतं. ते आज कोणी छापणार नाही आणि छापूही नये.

एचआर प्रमुखांनी पुस्तिका लिंगनिरपेक्ष करायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता. काम मात्र आलं एका आधीच व्यग्र असलेल्या सहकाऱ्याकडे, आणि मुदत तोंडावर आलेली. मग फाइंड-रिप्लेस. ‘ही’, ‘शी’, ‘ही ऑर शी’ यांच्या जागी ‘दे’, आणि ‘हिज’च्या जागी ‘देअर’. साहजिकच ‘दे इज’, ‘दे हॅज’, ‘दे विशेस’ असली वाक्यं ठिकठिकाणी उगवली. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्याखाली रेघा ओढल्या, सहकाऱ्याने एकेक रेघ मिटवली आणि शेवटी पडद्यावर एकही रेघ उरली नाही. पुस्तिका लागू झाली.

अडचण

तक्रारीच्या प्रकरणातलं जुनं वाक्य असं होतं: ‘इफ द कम्प्लेनंट टेल्स द ऑफिसर दॅट शी विशेस टू विथड्रॉ, ही मस्ट रेकॉर्ड धिस इन रायटिंग.’ नवं वाक्य झालं: ‘इफ द कम्प्लेनंट टेल्स द ऑफिसर दॅट दे विश टू विथड्रॉ, दे मस्ट रेकॉर्ड धिस इन रायटिंग.’

व्याकरणाने यात खोट काढायला जागा नाही. ‘दे’ला ‘विश’ जुळतं. पण तक्रार मागे घेतल्याची लेखी नोंद करायची कोणी? जुन्या वाक्यात अधिकाऱ्याने. नव्या वाक्यात अधिकाऱ्याने, तक्रारदाराने, किंवा दोघांनी मिळूनसुद्धा.

पुढे घडलं ते असं. एका तक्रारदाराने अधिकाऱ्याला तोंडी सांगितलं की मला तक्रार पुढे न्यायची नाही. तक्रारदाराच्या लेखी विषय तिथे संपला. अधिकारी मात्र तक्रारदाराच्या पत्राची वाट पाहत राहिले, कारण त्यांच्या वाचनात लेखी देणं हे तक्रारदाराचं काम होतं. पत्र आलं नाही, फाइल उघडीच राहिली, आणि ठरल्या वेळेत समोरच्या व्यक्तीला चौकशीची नोटीस गेली. जे टाळायचं म्हणून तक्रार मागे घेतली होती, नेमकं तेच झालं.

“मी तर मागे घेतली होती.”

“तुम्ही लेखी कुठे दिलंत?”

दोघांनीही पुस्तिका उघडली, आणि बोट ठेवलं ते एकाच वाक्यावर. भाषा तपासण्यासाठी मला बोलावलं गेलं ते यानंतर.

वाक्यात नेमकं काय झालं

इंग्रजीत सर्वनामाने आपल्या मूळ नामाशी जुळायचं, हा नियम आपण शाळेत शिकतो तो चूक-बरोबरचा नियम म्हणून. प्रत्यक्षात वाचणाऱ्याला तो वाट दाखवत असतो. वाक्यात दोन माणसं असली की ‘ही’ कोणाकडे जातो आणि ‘शी’ कोणाकडे, हे लिंगावरून कळतं. एक एकवचनी आणि दुसरं अनेकवचनी असेल तर वचनावरून कळतं. जुन्या वाक्यात एका आक्षेपार्ह गृहीतामुळे का होईना, दोन माणसांना दोन वेगळी सर्वनामं मिळाली होती. ‘दे’ आल्यावर दोघांवर एकच शिक्का बसला.

मग क्रियापदाकडून तरी काही कळावं, तर तिथे ‘मस्ट’. इंग्रजीत कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं तेच मुळात फार थोडं: वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनाला ‘एस’, ‘हॅव’चं ‘हॅज’, आणि ‘बी’ची काय ती चार-पाच रूपं. त्यातही ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘मे’, ‘कॅन’ यांना वचन नाहीच. ‘ही मस्ट’, ‘शी मस्ट’, ‘दे मस्ट’ सगळं सारखंच. नियमावल्या तर या शब्दांवरच उभ्या असतात. म्हणजे कर्ता ओळखण्याची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच क्रियापद मुकं. हा मुद्दा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत तो असा मांडलेला फारसा आढळत नाही.

मराठीत हे ओझं सर्वनामावर इतकं पडत नाही. ‘प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला अहवाल द्यावा’ म्हटलं की काम झालं. ‘आपला’ अहवालाशी जुळतो आणि कर्मचारी पुरुष की स्त्री हे विचारतही नाही. भूतकाळात तर क्रियापदही बहुधा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं: तिने अर्ज लिहिला, तिने चिठ्ठी लिहिली. या सवयीतून इंग्रजी लिहायला बसलेल्या माणसाला ‘हिज की हर की देअर’ हा प्रश्न उपराच वाटतो, आणि त्याचं उत्तर तो घाईत देतो.

पुस्तिका पुढे चाळली तेव्हा क्रियापदांचेही घोळ निघाले. एक नमुना देतो: ‘द ॲक्युरसी ऑफ ऑल एन्ट्रीज मेड बाय सुपरवायझर्स ऑन दीज फॉर्म्स आर द रिस्पॉन्सिबिलिटी ऑफ द अकाउंट्स टीम.’ कर्ता ‘ॲक्युरसी’, एकवचनी. पण क्रियापदापर्यंत पोहोचेतो ‘एन्ट्रीज’, ‘सुपरवायझर्स’, ‘फॉर्म्स’ अशी तीन अनेकवचनं मध्ये येतात, आणि हात ‘आर’ लिहून मोकळा होतो. हे नवशिक्याचं लक्षण नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना वाक्याचा पहिला तुकडा देऊन पुढचा भाग पुरा करायला सांगितला होता. एकवचनी कर्त्यानंतर मध्ये अनेकवचनी नाम आलं की त्यांच्याही चुका वाढल्या. उलट क्रमात, म्हणजे कर्ता अनेकवचनी आणि मधलं नाम एकवचनी असताना, चुका कितीतरी कमी झाल्या. त्यामुळे तपासणाऱ्याने आधी कुठे पाहावं हे ठरवता येतं: कर्ता एकवचनी, मध्ये ‘ऑफ’ आणि त्यामागे अनेकवचन.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय संस्थेच्या कायदा सल्लागारांचा. जुना ‘ही’ परत आणायचा आणि सुरुवातीला एक व्याख्या टाकायची की पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया समाविष्ट आहेत. याला मोठी परंपरा आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली कायदाच केला की कायद्यांमधल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात आणि एकवचनात अनेकवचन. कायद्याच्या दृष्टीने हे सुटसुटीत, पण संस्थेने ज्यासाठी हा खटाटोप मांडला त्याच्या ते नेमकं उलट जात होतं. शिवाय सगळेच ‘ही’ झाले तरी तक्रारदार कोणता आणि अधिकारी कोणता हा गोंधळ तसाच राहणार होता.

‘ही ऑर शी’ सगळीकडे लिहायचं, हा दुसरा. एका वाक्यात एकदा आलं तर खपतं. ‘ही ऑर शी मस्ट सबमिट हिज ऑर हर फॉर्म टू हिज ऑर हर सुपरवायझर’ असं झालं की वाचणारा तिथेच पुस्तिका मिटतो. आणि यात ‘ही’ही नाही, ‘शी’ही नाही अशा कुणाला जागाच उरत नाही.

तिसरा पर्याय एकवचनी ‘दे’, म्हणजे एकाच माणसासाठी वापरलेला ‘दे’, कायम ठेवण्याचा, पण प्रत्येक वाक्य माणसाने वाचून. चौथा, कर्ताच अनेकवचनी करण्याचा: ‘एव्हरी एम्प्लॉई’ऐवजी ‘ऑल एम्प्लॉईज’, म्हणजे ‘देअर’ बिनतक्रार जुळतो. बऱ्याच मार्गदर्शकांची पहिली शिफारस हीच असते. पण ‘ऑल एम्प्लॉईज मस्ट सबमिट देअर रिपोर्ट्स’ यात प्रत्येकाने एक अहवाल द्यायचा की अनेक, हे कळत नाही. ‘एव्हरी’मध्ये जबाबदारी एकेकावर सुटी सुटी पडते, ‘ऑल’मध्ये ती समूहात विरते. शिस्तीच्या नियमांत हा फरक लहान नाही.

पाचवा पर्याय म्हणजे सर्वनामच टाळायचं आणि नाम पुन्हा लिहायचं. शाळेत निबंधाच्या बाईंनी ज्यावर लाल रेघ मारली असती, तेच.

निर्णय कुठे अडला

अडला तो एकवचनी ‘दे’पाशी. संस्थेतल्या एका ज्येष्ठ व्यवस्थापकांचा त्याला ठाम विरोध होता. त्यांचं इंग्रजी उत्तम, आणि व्याकरण त्यांनी घोटून शिकलेलं. ‘एव्हरी’ला ‘हॅज’ लागतो म्हणजे ‘एव्हरी’ एकवचनी, मग त्याच वाक्यात पुढे ‘देअर’ कसा, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. ‘हल्ली असंच लिहितात’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, आणि मी ते दिलंही नाही.

मी त्यांना विचारलं, “‘एव्हरीवन इज हिअर’ याला शेवटी प्रश्न जोडायचा, तर तुम्ही काय म्हणाल, साहेब?” ते म्हणाले, “आरन्ट दे.” ‘इझन्ट ही’ म्हणवत नाही. एकाच वाक्यात क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी. इंग्रजीत क्रियापद बहुधा शब्दाच्या रूपाकडे पाहतं आणि सर्वनाम अर्थाकडे. ‘एव्हरीवन’चं रूप एकवचनी, अर्थ अनेकांचा. हे आजचंही नाही. एकवचनी ‘दे’चे दाखले इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतात, त्याला चूक ठरवणारे व्याकरणकार बऱ्याच नंतरचे. ‘यू’चंही तेच झालं. मूळचा अनेकवचनी शब्द एकाला लावला जाऊ लागला, क्रियापद मात्र ‘यू आर’ असं अनेकवचनीच राहिलं, आणि आज त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

त्यांना जास्त पटलं ते मात्र घरचंच उदाहरण. ‘साहेब आले, त्यांनी सही केली.’ माणूस एक, क्रियापद अनेकवचनी, सर्वनाम अनेकवचनी. आदरार्थी बहुवचन आपण दिवसभर वापरतो आणि एकाचे अनेक झाले असं कुणी म्हणत नाही. मराठीतलं कारण आदराचं, इंग्रजीतलं लिंग न सांगण्याचं, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं नाही. पण एका माणसासाठी अनेकवचनी रूप वापरलं की व्याकरण कोसळतं, ही भीती त्याने गेली.

शैलीपुस्तिकांचा आधारही चर्चेत आला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१७ मध्ये एकवचनी ‘दे’ला मर्यादित मुभा दिली, पण वाक्य फिरवता येत असेल तर ते बरं, असंही सांगितलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने तो सरळ स्वीकारला. व्यवस्थापकांनी पहिलीकडे बोट दाखवलं, एचआर प्रमुखांनी दुसरीकडे. माझं मत विचाराल तर वाद दोन्हीकडून थोडा भरकटला होता. ‘दे’ शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न नोटीस गेलेल्या प्रकरणात कुठेच नव्हता. वाक्यात दोन माणसं होती आणि सर्वनाम एकच, प्रश्न तेवढाच होता.

दुसरा अडसर ‘कमिटी’चा. ‘द कमिटी शॅल रेकॉर्ड देअर रीझन्स’ असं एक वाक्य होतं. ब्रिटिश वळणात समूहवाचक नामाला अनेकवचन चालतं, सदस्य वेगवेगळे म्हणून डोळ्यांसमोर असतील तर विशेषच. अमेरिकन वळण बहुतेक वेळा एकवचन धरतं. समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं होतं की ‘देअर’मुळे प्रत्येक सदस्याला स्वतःची कारणं नोंदवता येतात, आणि ‘इट्स’ केलंत तर तो हक्क जाईल. हा भाषेचा वाद नव्हता, अधिकाराचा होता; सर्वनाम फक्त निमित्त. मी तसं सांगून तो प्रश्न संस्थेकडे परत पाठवला. असा हक्क द्यायचा की नाही हे भाषा तपासणाऱ्याने ठरवायचं नसतं.

प्रत्यक्ष काय केलं

एकच एक नियम पुस्तिकेवर लादायचा नाही, असं ठरलं. प्रत्येक वाक्यात माणसं किती, हे आधी मोजायचं. एकच माणूस असेल तर एकवचनी ‘दे’, क्रियापद अर्थातच अनेकवचनी: ‘ॲन एम्प्लॉई मे कॅरी फॉरवर्ड देअर लीव्ह इफ दे हॅव नॉट युज्ड इट.’ दोन माणसं असतील तर ज्याच्यावर जबाबदारी, त्याचं नाम पुन्हा लिहायचं. मग ते वाक्य असं झालं: ‘इफ द कम्प्लेनंट टेल्स द ऑफिसर दॅट दे विश टू विथड्रॉ, द ऑफिसर मस्ट रेकॉर्ड धिस इन रायटिंग.’ पहिला ‘दे’ तसाच ठेवला, कारण ‘मस्ट’चा कर्ता पक्का झाल्यावर मागे घेण्याची इच्छा कोणाची, याबद्दल शंका राहत नाही.

रजा आणि प्रवासखर्चाची प्रकरणं सरळ ‘यू’मध्ये आणली. तिथे वाचणारा आणि करणारा एकच असतो, त्यामुळे प्रश्नच मिटला. तक्रारीच्या प्रकरणात हे जमलं नसतं. तिथला ‘यू’ तक्रारदार, अधिकारी की ज्याच्यावर तक्रार आहे तो, हे आधी सांगावं लागलं असतं.

‘कमिटी’ सगळीकडे एकवचनी झाली, सर्वनाम ‘इट’. वेगळ्या मताचा हक्क संस्थेने देण्याचं ठरवलं आणि त्यासाठी स्वतंत्र वाक्य आलं: ‘अ मेंबर हू डिसॲग्रीज मे रेकॉर्ड सेपरेट रीझन्स.’

क्रियापदांसाठी पद्धत जुनीच वापरली: कर्त्याच्या मूळ नामाखाली रेघ, मधला मजकूर बोटाने झाकायचा, आणि नाम-क्रियापद मोठ्याने वाचायचं. ‘ॲक्युरसी आर’ म्हटलं की कानाला लगेच टोचतं. ‘द सुपरवायझर, ॲज वेल ॲज द टीम मेंबर्स’ यातही मधलं झाकलं की एकटा सुपरवायझर उरतो, म्हणजे ‘इज’. ही युक्ती ‘अ नंबर ऑफ’पाशी मात्र फसवते. ‘अ नंबर ऑफ रिक्वेस्ट्स वेअर रिसीव्ह्ड’ बरोबर, पण ‘द नंबर ऑफ रिक्वेस्ट्स वॉज स्मॉल’. झाकून वाचलं तर दोन्हीकडे ‘नंबर’ उरतो आणि पहिलं वाक्य उगाच चुकीचं वाटतं. ‘आयदर–ऑर’लाही ही पद्धत लागू नाही, कारण तिथे क्रियापद जवळच्या नामाशी जुळतं. ती वाक्यं वेगळी काढून पाहिली.

निष्पत्ती

त्या तक्रारीचा निकाल लावताना संस्थेने जुनी पुस्तिका काढली. ‘ही मस्ट’ आणि सगळ्या प्रकरणभर अधिकारी म्हणजे ‘ही’, त्यामुळे नोंद करणं अधिकाऱ्याचं काम होतं हे स्पष्ट झालं. नव्या मजकुराचा हेतू फक्त लिंगनिरपेक्षतेचा होता, जबाबदारी बदलण्याचा नव्हता, हे इतिवृत्तात होतंच. तक्रार मागे घेतल्याचं मान्य झालं आणि नोटीस रद्द झाली. अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला नाही. समोर असलेलं वाक्य त्यांनी ज्या अर्थाने घेतलं, तो अर्थ त्या वाक्यात होता. नोटीस वाचून समोरच्या व्यक्तीला जे कळायचं ते मात्र कळून गेलं होतं, आणि ते परत घेता येणारं नव्हतं.

एकवचनी ‘दे’ पुस्तिकेत राहिला. ज्येष्ठ व्यवस्थापकांनी कर्मचाऱ्यांसाठीच्या मजकुरात तो मान्य केला. नियुक्तीपत्रं आणि करारांत नको म्हणाले. तिथे नामं पुन्हा पुन्हा लिहिली. करारात ती पुनरुक्ती तशीही खपते, त्यामुळे या तडजोडीत काही बिघडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फाइंड-रिप्लेसला नाव ठेवणं सोपं आहे. माझ्या मते मोठी चूक त्यानंतर झाली. ‘दे विशेस’ हे वाक्य ढळढळीत चुकलेलं होतं, आणि म्हणूनच ते उपयोगी होतं. तिथे काहीतरी बदललंय हे ते ओरडून सांगत होतं. क्रियापद दुरुस्त करताना कुणी इतकंच विचारलं असतं की ‘हा दे कोण?’, तर दोष तिथेच सापडला असता. दुरुस्ती क्रियापदापुरतीच झाली आणि दोषावर व्यवस्थित पांघरूण पडलं. सॉफ्टवेअर ‘दे’ला ‘विश’ जुळतं का एवढंच पाहतं. ‘दे’ कोणाकडे जातो याची हमी ते देत नाही.

आणखी एक संधी हुकली होती. पुस्तिकेची मराठी आवृत्ती करणाऱ्या बाईंनी समासात टीप लिहिली होती: ‘लेखी नोंद त्यांनी करावी, इथे त्यांनी म्हणजे कोणी?’ मराठीतल्या ‘त्यांनी’लाही तोच आजार, म्हणून तो त्यांना दिसला. टिपेला उत्तर आलं नाही आणि मराठी आवृत्तीतही ‘त्यांनी’ तसाच छापला गेला. अनुवादकाची शंका ही बऱ्याचदा मूळ मजकुराची सर्वांत कसून झालेली तपासणी असते. अशा टिपांना उत्तर दिल्याशिवाय मजकूर पुढे जाऊ नये, अशी अट घालता आली असती.

शिवाय मसुदा लागू करण्याआधी तक्रारीचं प्रकरण त्या कामाशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना वाचायला देऊन ‘यात कोणी काय करायचं?’ एवढंच लिहून मागायचं. उत्तरं जुळली नाहीत की वाक्य परत घ्यायचं. आता संस्था हे करते, पण फक्त तक्रार आणि शिस्तीच्या प्रकरणांसाठी. बाकीची प्रकरणं अजून एकाच्याच नजरेखालून जातात, आणि प्रवासखर्चाच्या प्रकरणात ‘द रिसीट्स ॲलाँग विथ द फॉर्म इज’ परवापर्यंत तसंच होतं.